आईच्या टोळीची सहल

आमच्या घरात 'सुट्टी' हा शब्द नव्हता. 'खाडा' होता. खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस, आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी. ताप आला तर खाडा, भावकीत कुणी वारलं तर खाडा, लेकराला दवाखान्यात न्यायचं तर खाडा. सण आला तरी आईच्या तोंडात पहिलं वाक्य तेच यायचं, "उद्या खाडा पडन." शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की गुरुजी विचारायचे, सुट्टीत कुठं जाणार? मी उभी राहून सांगायचे, "हळदीला." वर्गात कुणी हसायचं नाही. निम्मा वर्ग हळदीलाच जायचा.

वसमत तालुक्यात हट्ट्याच्या बाजूला आमचं गाव. जमीन नाही. वडील गवंड्याच्या हाताखाली, आणि त्यांचे दिवस कामात कमी आणि कामाची वाट बघण्यात जास्त जायचे. घर चालायचं ते आईवर. पत्र्याची एक खोली, उन्हाळ्यात आत बसवत नाही आणि बाहेर सावली नाही. हळद काढायचे दिवस आले की घरातलं सगळं पिवळं व्हायचं. पाण्याचा तांब्या, अंथरुणाची कड, माझ्या वहीची पानं. आईनं थापलेल्या भाकरीवर तिच्या बोटांचे पिवळे ठसे असायचे आणि आम्ही ती भाकर चटणीबरोबर खायचो. चटणी संपली तर पाण्याबरोबर.

आई एका टोळीत कामाला जायची. सहा बायांची टोळी. पुढारी मुकादम मावशी. नात्यानं कुणाचीच मावशी नव्हती ती, पण सगळा गाव तिला मावशीच म्हणायचा, आणि शेतमालकाशी मजुरी ठरवायची ती. दुसरी चाची, मशिदीच्या गल्लीतली. टोळीत मुसलमान ती एकटीच, बाकी आम्ही सगळे विहाराच्या बाजूचे. दोघी सख्ख्या जावा, एक आमची लांबची आत्या, आणि सहावी माझी आई.

या टोळीची एक रीत होती. खुरपणीला गेलं की प्रत्येक बाई एकेक पात धरते, म्हणजे पिकाच्या ओळींमधला आपापला पट्टा. जिची पात आधी पुरी होईल तिनं बांधावर जाऊन पाय पसरायचे नाहीत. जी मागं राहिली तिच्या पातीत दुसऱ्या टोकाकडून शिरायचं आणि खुरपत खुरपत तिला जाऊन भेटायचं. त्यामुळं सहाही जणी एकदमच उभ्या राहायच्या. बांधावर छत्री धरून उभ्या राहिलेल्या मालकाला शेवटपर्यंत कळायचं नाही, यातली चपळ कोण आणि धिमी कोण.

मी हिंगोलीला कॉलेजात असताना मला टायफॉइड झाला. आई माझ्याजवळ येऊन राहिली, मी उठून बसेपर्यंत. त्या सगळ्या दिवसांत चाचीनं दोन पाती धरल्या, स्वतःची आणि आईची. मालकानं विचारलं, सहावी कुठंय? तर मावशी म्हणायची, "हाय की मागं, उसात गेली बसायला." रोज तेच उत्तर. मालक शेवटी म्हणाला, "काय पोट बिघडलंय का तिचं?" हे मला चाचीनंच हसत हसत सांगितलं, माझी परीक्षा झाल्यावर.

मी बी.कॉम. झाले. आमच्या गल्लीतली पहिली. हे मी सांगते तेव्हा मान वर करून सांगते, आणि कुणाला त्यात मोठेपणा वाटला तर वाटू द्यावा. नांदेडला एका तिकिटांच्या ऑफिसात काही वर्षं काढली, धंदा शिकले, मग वसमतला स्वतःचं ऑफिस टाकलं. आता मी कुटुंबांच्या आणि गटांच्या परदेशी सहली आखते. डॉक्टरांची कुटुंबं असतात, शिक्षकांचे गट असतात, हळदीचे व्यापारी असतात. व्यापाऱ्यांना दुबई पाहिजे आणि दुबईत पिठलं पाहिजे. माझं काम चांगलं आहे. मी लोकांना आधी कुठं जायचं ते विचारत नाही. घरात सगळ्यात म्हातारं कोण आणि सगळ्यात लहान कोण, ते विचारते. सहल त्या दोघांच्या बेतानं आखायची, मधले आपोआप निभतात. उतरल्या दिवशी दुपार मोकळी ठेवायची. ज्या सुनेचं घरात कुणी ऐकत नाही, तिला एकदा बाजूला घेऊन विचारायचं, तुम्हाला काय बघायचंय? लोक परत येतात आणि सांगतात, ताई, आयुष्यभर लक्षात राहील असं झालं.

आणि हे ऐकताना मला माझीच लाज वाटायची.

कारण आई बाजाराच्या दिवशी ऑफिसात यायची. शेपू नाहीतर शेंगा घेऊन. भिंतीवर समुद्राची, बर्फाची मोठी मोठी चित्रं, आणि त्यांच्या खाली आई फरशीवर बसायची. खुर्चीवर बस म्हटलं की म्हणायची, "गिऱ्हाइकाची हाय ती." एकदा मी फोनवर होते आणि एका साहेबांनी तिला सांगितलं, "बाई, जरा पाणी आणा बरं." तिनं उठून आणून दिलं. मी फोन ठेवून म्हणाले, "ही माझी आई." साहेब खुर्चीतून उठलेच. आई त्यांनाच धीर द्यायला लागली, "बसा, बसा. पाणीच तं मागितलं."

ते गेले त्यांच्या युरोपचा कार्यक्रम घेऊन. आई गेली टेम्पोत बसून गावाकडं. दुसऱ्या दिवशी सोयाबीन काढायला जायचं होतं तिला. मी तिला कितीदा म्हणाले, आता काम सोड. तर म्हणायची, "टोळी पाचाची व्हईन की."

शेवटी एका दिवाळीला मी विचारलं, "आई, तुला कुठं फिरायला जायचंय?"

"मी? कोणासंगं?"

"माझ्यासंगं."

"तू काय, तू तिकडंच ऱ्हातीस. टोळी?"

मी म्हणाले, टोळी तर टोळी. सहाही जणी चला. पैशाची बाजू माझ्याकडं होती, आणि ती यातली सगळ्यात सोपी बाजू निघाली.

मी श्रीलंका ठरवली. त्यामागं माझं डोकं होतं. आमच्याकडची बाई गावात असं सांगू शकत नाही की मी मजा करायला चालले. तिची जीभच वळत नाही. पण श्रीलंकेत अनुराधपूरला मूळ बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेलं झाड आहे, आणि त्याचं दर्शन म्हटलं की तोंड उघडायला जागा मिळते. "दर्शनाला चालले" म्हणायचं आणि त्याच्याआडून समुद्रही बघून यायचा. आईनं तर झाडाचं नाव ऐकल्यावर हातातलं सूप खाली ठेवलं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. गटाची सहल कशी आखावी हे मला कळतं, असं वाटलं.

पासपोर्टची धावपळ झाली, फोटो काढताना आत्या हसायची थांबेना म्हणून फोटोवाला वैतागला, ते सगळं पार पडलं. आणि मग चाची म्हणाली, मी येत नाही.

मी तिच्या घरी गेले. ती दारात शेळीला पाला घालून राहिली होती.

"काहून गं चाची? पोरं नको म्हणतात का?"

"पोरं कायकू नको बोलेंगे. मीच न्हाई येत."

"अगं पण का?"

ती हात झटकून माझ्याजवळ बसली. "सुन बेटा. मेरी माँ गई, मेरी सास गई. दोघींच्या मनात एकच व्हतं, मक्का. दोघींनाबी झालं न्हाई. मंग मी ठरवलेलं, देसाच्या भाईर पाय टाकायचा तं पैला तिकडं टाकायचा. आता मी आधी दर्या देखने गयी, आन तिकडंच मेले तं? वर काय सांगू? घूम के आयी?"

ती माझी समजूत काढायला लागली. "तुमच्या मायचं बराबर हाय. तिला झाडाचं दर्शन व्हईन. माझं तिथं काय हाय? खाली फिरना. तुमी जाव. मैं खुशी से बोल रही."

घरी येताना मला पहिल्यांदा कळलं, मी पाच बायांना आडोसा मिळवून दिला होता आणि सहावीला उघड्यावर ठेवलं होतं. रोज अनोळखी लोकांना घरातलं म्हातारं कोण, नाजूक कोण विचारणारी मी. ज्या बाईनं माझ्या दुखण्यात दोन पाती ओढल्या, तिला एवढंही विचारलं नव्हतं की चाची, तुला कुठं जायचंय?

पण धंद्याची सवय अशी की हात आपोआप पुढचं काम करतात. गटातलं एक माणूस गळालं की जागा भरायची. वसमतमधल्या एका निवृत्त शिक्षकांच्या पत्नी कधीपासून श्रीलंकेसाठी मागं लागल्या होत्या. मी त्यांना हो सांगितलं आणि टोळीला सांगायला शेतात गेले. कापसाची वेचणी चालू होती. दुपारच्या भाकरीला पाच जणी लिंबाखाली बसल्या होत्या. चाची त्या दिवशी तिच्या लेकीकडं गेलेली.

मी सांगितलं. मग मावशीनं भाकरीचा घास तसाच हातात धरून विचारलं, "कोण म्हणलीस ती?"

"शिक्षकांच्या मिसेस आहेत. चांगल्या आहेत स्वभावानं."

"आसंन की. खुरपं धरता येतं का तिला?"

जावा हसल्या. मीही हसले. मावशी हसली नाही.

"आमी काय बसमदी शिटा भरून राहिलो व्हय? चाचीची पात मागं पडली, तं तू दुसरी बाई घेऊन आलीस. हे शिकवतेत व्हय गं कालेजात?"

"मावशी, चाचीच म्हणाली तुम्ही जा म्हणून."

"ती म्हननच. तुझी माय तुझ्यापाशी दवाखान्यात व्हती तवा आमीबी म्हनलो व्हतो चाचीला, राहू दे, खाडा पडला तं पडला. तिनं ऐकलं का?"

मी आईकडं बघितलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल, निदान झाडासाठी तरी. तिचं ते स्वप्न होतं, मला माहीत होतं. विहारातल्या भिंतीवर त्या झाडाचं चित्र आहे आणि आई दर पौर्णिमेला त्याच्या समोर सगळ्यात शेवटपर्यंत बसते. आईनं भाकरीचं फडकं बांधलं, कमरेला ओटी खोचली आणि दुपारची सुट्टी संपायच्या आधीच कपाशीत गेली. पाठोपाठ बाकीच्याही उठल्या. मी बांधावर उभी. चांगल्या चपला, चांगला ड्रेस, आणि समोर वाकलेल्या पाच पाठी. घरी जाऊन मी त्या बाईंना फोन केला, माफी मागितली आणि सगळी तिकिटं रद्द केली.

त्यानंतर आई माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. एकदा मी म्हणाले, तुझं वय होत चाललंय, झाड बघायचं राहून जाईल. ती म्हणाली, "झाड हाय ते. कुठं चाललंय?"

चाचीचा थोरला नांदेडला टेम्पो चालवायचा. मी त्याला गाठलं, म्हणाले, अम्मीला मक्केला, उमऱ्याला घेऊन जा. तो म्हणाला, "हौ ना दीदी, पक्का, अगले साल." त्याची बायको मागून म्हणाली, "ये अगला साल मैं शादी से सुन रही." मी परत आले आणि हे सहज आईला सांगितलं. तिनं मावशीला सांगितलं.

पुढच्या वेळी तो गावाकडं आला तो शुक्रवार होता. नमाज पढून घरी येतो तर ओट्यावर पाच बाया बसलेल्या. कामाच्या साड्या, खुरपी बाजूला ठेवलेली. चाची आतून कपाळाला हात लावून बघून राहिली होती.

"क्या हुआ मौसी?" त्यानं घाबरून विचारलं.

मावशी म्हणाली, "काय न्हाई बापा. तुझ्या मायची पात आडकली. ती निघाल्याबिगर आमाला पुढं सरकता येत न्हाई. तू कवा काढतोस तेवढं सांग, आमी बसलो इथं."

"मौसी, पैसे का..."

"टेम्पोला नवा टेप बसवलास तवा पैसे कुठून आले?"

आत्या म्हणाली, "आन केवढा वरडतो त्यो! हट्ट्याच्या फाट्यावर असला तरी आमाला घरात कळतं, आलं म्हणून पोरगं."

गल्ली जमली. पोरगं लाजेनं लाल झालं. त्या हिवाळ्यात तो तिला घेऊन गेला. ती गेली तेवढे दिवस तिची पात बाकीच्यांनी ओढली आणि मालकाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. चाची खजूर आणि झमझम विहिरीचं पाणी घेऊन आली, टोळीत सगळ्यांना वाटलं, आणि मला निरोप पाठवला, "अब किधर बी चलो."

सगळं बराबर जमत आलं आणि हळदीच्या दिवसांत मावशीचा गुडघा गेला. टेम्पोतून उतरताना पाय चुकला, तो बसलाच. डॉक्टर म्हणाले चालायचं थोडं थोडं. मी तिच्या खाटेशी बसले आणि मनात एकच हिशेब चालू होता, त्या पहिल्याच वर्षी मी सगळ्यांना विचारून आखलं असतं तर ही धडधाकट पायांनी आली असती. मावशीला मनातलं न सांगताच कळायचं. म्हणाली, "तोंड काहून पाडलंस? बसून जायाचं म्हनतेत ना विमानात? मंग मला काय तकलीफ हाय?"

मी या वेळी सहाही जणींना एकेकीला विचारलं. दोघी जावांना समुद्र. आत्याला विमान, बाकी काहीही. मावशीला, कुणी आयतं करून वाढलेलं जेवण. आईला झाड. आणि चाची म्हणाली, "मेरेकू तुम लोगों के साथ बैठना है. काम बगैर."

पेरणीच्या आधीचे दिवस धरले. त्या महिन्यांत तिकडचा पश्चिमेचा किनारा खवळलेला असतो, म्हणून शेवटचा मुक्काम पूर्वेकडं ठेवला. हैदराबादच्या विमानतळावर मावशीला चाकाच्या खुर्चीत बसवलं. ती ढकलायला तिथला माणूस आला तर पाचही जणींनी त्याला हटवलं. आळीपाळीनं ढकलत न्यायला लागल्या. मावशी मोठ्यानं म्हणाली, "आता कळलं मुकादमी म्हंजे काय आसती!"

हॉटेलात पहिल्या सकाळी मी त्यांच्या खोल्यांत गेले तर खाटा लावलेल्या, फरशी ओल्या टॉवेलनं पुसलेली, आणि सहाही जणी आंघोळी करून, डोकी विंचरून ओळीनं बसलेल्या. जणू आता टेम्पो येणार. मी हसले, पण मला ते बघवलं नाही. यांना कुणी कधी उशिरा उठायला शिकवलंच नव्हतं, आणि मी ते आता शिकवायला निघाले होते.

माझ्या प्रत्येक श्रीलंकेच्या सहलीत चहाच्या मळ्यातला एक थांबा असतो. गिऱ्हाइकांना फार आवडतो. मळ्यात बाया पानं खुडत असतात, त्यांच्यासारखी टोपली पाठीला लावून फोटो काढायचा, अर्धा तास. हा थांबा मीच शोधलेला, आणि मी तो या सहलीतही ठेवला होता, का ठेवला याचा विचारही न करता. बस थांबली. डोंगराच्या उतारावर बाया ओळीनं वाकलेल्या, डोक्यावरून पट्टा, पाठीवर पोती. खालच्या वाटेवर एक माणूस छत्री धरून उभा.

सहाही जणी खिडकीतून बघायला लागल्या. मी उत्साहानं म्हणाले, "उतरा, फोटो काढू. टोपल्या आहेत तिथं."

कुणी उठेना. मग आईनं हळूच तिच्या खिडकीचा पडदा ओढला. मग आत्यानं. मग जावांनी. बसची ती सगळी बाजू बंद झाली.

"काय झालं?" मी विचारलं.

आई म्हणाली, "त्या काम करून राहिल्यात. आपून त्यांच्या बांधावर उभं राहून बघायचं व्हय?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी इथं किती लोकांना उतरवलं होतं. किती जणांच्या पाठीला टोपली बांधून दिली होती, आणि म्हणाले होते, हसा. तो बांधावर छत्री धरून उभा राहणारा मालक मी लहानपणापासून बघत आले होते, आणि त्याच्याच जागी गिऱ्हाइकांना उभं करायचं, हा मला धंद्यातला चांगला शोध वाटला होता.

मी ड्रायव्हरला म्हणाले, चला पुढं. तर चाची म्हणाली, "रुक. इनकी छुट्टी कब होती, पूछ."

ड्रायव्हरनं सांगितलं, थोड्या वेळानं होईल, जेवायची.

"मंग तवा भेटू," मावशी म्हणाली.

पुढं धबधबा होता, त्यानंतर मोठी बाग होती, सगळं वेळेत बसवलेलं. मी चिडले, खोटं कशाला सांगू. पण मावशी बसच्या सीटवर रेलून बसली होती आणि तिला हलवणारं कुणी तिथं नव्हतं. आम्ही पडदे लावून बसून राहिलो. सुट्टी झाली तेव्हा सहाही जणी उतरल्या, धपाट्यांचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. झाडाखाली त्या बाया रोटी आणि खोबऱ्याची लाल चटणी घेऊन बसल्या होत्या. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. आईनं धपाटं पुढं केलं, तिकडून रोटी आली. चाचीनं चटणी चाखून म्हटलं, "मिरची आपल्यासारखीच खातेत बायांनो." मग मावशीनं छत्रीवाल्याकडं डोळ्यानं खूण केली, उठून लंगडत लंगडत काठी छत्रीसारखी धरली, पोट पुढं काढलं आणि भुवया वर केल्या. त्या बाया इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. छत्रीवाला लांबून विचारून राहिला, काय झालं. कुणी सांगितलं नाही.

धबधबा राहिला. बागही राहिली. तो फोटोचा थांबा मी आता कुणालाच देत नाही. विचारलं तर सांगते, बंद झाला.

अनुराधपूरला पाच जणींनी पांढऱ्या साड्या नेसल्या. मी मनातून घाबरले होते, चाचीचं काय करायचं? ती म्हणाली, "मैं बाहर बैठती. चपला देखती." मला परत तेच वाटलं, तिला मी परत बाहेर ठेवलं. मी काहीतरी बोलायला लागले तर ती म्हणाली, "तू मक्केत आली व्हतीस का माझ्यासंगं? न्हाई ना? मंग गप. जिसका उसका." आणि पदरातून तसबीहची माळ काढून चपलांच्या ढिगापाशी आरामात बसली.

आई त्या झाडाकडं फार वेळ बघत उभी होती. त्याच्या फांद्यांना सोन्याच्या रंगाचे टेकू दिलेले आहेत. बाकीच्या हात जोडून होत्या. आई माझ्या कानात म्हणाली, "लई म्हातारं झालं. पण नीट सांभाळलं यांनी." बाहेर आल्यावर तिनं चाचीला सगळं सांगितलं, पान केवढं, खोड केवढं, टेकू कुठं कुठं. चाची मध्ये मध्ये "हौ, हौ" करून राहिली होती, आणि आई सांगता सांगता रडायला लागली तर चाचीनं तिला तिची चप्पल हातात दिली.

शेवटचे दिवस समुद्रावर. वाळूत लाकडी लांब खुर्च्या, वर झावळ्यांचं छप्पर. सहाही जणी पाय वर घेऊन बसल्या. थोड्या वेळानं आई म्हणाली, "आता काय करायचं?"

"काही नाही."

"आन मंग?"

"मग पण काही नाही."

"गावाकडं पाऊस पडला आसंन का? लोकं पेरणीला लागले आसतीन."

"लागू दे."

तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, ते मला चांगलं ओळखू येतं, कारण माझ्याही चेहऱ्यावर ते वर्षानुवर्षं आहे. आपण बसलोय आणि कुठंतरी काम चाललंय, त्याची टोचणी. सहल कितीही नीट आखली तरी मला ती काढता आली नाही. जावा पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन ओरडत होत्या. आत्या वाळूत रेघोट्या काढत होती. मावशी आयतं आलेलं नारळाचं पाणी पीत होती आणि वेटरला मराठीत विचारत होती, "तुझ्या मायला पाठवतोस का घरी पैसे?" तो हसून मान हलवत होता.

मी वळून बघितलं तर आई झोपली होती. दुपारी, उजेडात, अंगात ताप नसताना. मी माझ्या जन्मात तिला अशी बघितली नव्हती. चाचीनं तोंडावर बोट ठेवून मला गप केलं आणि आईच्या डोळ्यांवर आपला पदर सरकवला.

ती ऊन उतरेपर्यंत झोपली.

आम्ही परत आलो तेव्हा गावात खरंच पाऊस झाला होता. मी अजून सहली आखते, आणि एखाद्या सहलीतून शेतातल्या आईला फोन करताना अजूनही लाजेनं आवाज जरा खाली येतो. पण एवढं झालं: आमच्या गावातल्या एका मजूर टोळीच्या सहा बाया समुद्रापलीकडच्या देशात जाऊन आल्या, आणि सहाच्या सहा बरोबर गेल्या.